एंडोस्कोपी करताना खूप त्रास होतो का? सोलापुरात पुढच्या आठवड्यात करायची आहे.

दुखत नाही. पण पोट आतून बघायची कॅमेऱ्याची नळी घशातून उतरतानाचे काही सेकंद अवघड जातात, हे आधीच सांगतो.

माझी सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात झाली. पोट 6 ते 8 तास रिकामं लागतं, म्हणून रात्री लवकर ज्वारीची भाकरी आणि वरण खाल्लं, शेंगाचटणीला हातही लावला नाही. सकाळी घशात बधिर करणारा स्प्रे मारला. चव कडू. दोन मिनिटांत थुंकी गिळलेलीही कळेना, तेव्हा मी घाबरलो होतो. तुम्ही घाबरू नका, श्वास व्यवस्थित चालू असतो. मग डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवतात. नळी करंगळीपेक्षा बारीकच असते. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं. त्या वेळी नाकाने सावकाश श्वास घ्या आणि लाळ गिळू नका, खुशाल बाहेर वाहू द्या. सिस्टरांनी पाठीवर हात ठेवला होता, त्याचा फार आधार वाटला. आत हवा भरतात, त्यामुळे पोट फुगतं. तपासणीसाठी तुकडा घेतला तरी कळत नाही. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं.

घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नका, ठसका लागतो. झोपेचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत माणूस हवाच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. अक्कलकोट-बार्शीकडून येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. रक्त पातळ करणारी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

नंतर पोटात जोरात दुखलं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.