'हुर्राक' म्हणून हाक मारली की

"सगळे टोपणनावानं हाक मारतात, मनाला लागतं. पण बोललो तर म्हणतील, याला मस्करी सोसत नाही." विद्यापीठातल्या मुलांकडून मी हे वारंवार ऐकते. उत्तर म्हणून एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. घरी काजूची बागायत आणि दारू गाळायची भाटी. एप्रिलमध्ये गावाहून ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या वसतिगृहात परतला, तेव्हा कपड्यांना हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा वास येत होता. त्या दिवसापासून तो 'हुर्राक'. फोनमध्ये तेच, कँटीनमध्ये तेच. पुढं नव्या मुलांना तो स्वतःच सांगू लागला, "मी हुर्राक." मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याची. दुसऱ्यांच्या आधी आपणच बोललं की कमी दुखतं, असं त्याला वाटत होतं.

मग एकदा घरी फोन चालू असताना मागून कुणीतरी तशी हाक मारली. वडिलांनी ऐकली. काही बोलले नाहीत, "जेवलास का" विचारून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

मी त्याला भाटीबद्दल विचारलं. खाली मान घालून बसलेला मुलगा बोलतच राहिला: काजूची फळं, म्हणजे बोंडू पहाटे कसे गोळा करायचे, पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा. पहिल्यांदा गाळली की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्यानंच सांगितलं. शब्द तोच. घरी त्यात वडिलांचे कष्ट होते, वसतिगृहात 'दारुड्यांच्या घरचा' असा अर्थ.

टोपणनाव वाईट नसतं. आपल्याकडे घरोघरी कुणी बाबू असतो, कुणी बाय. मी एवढंच बघायला सांगते: "नको" म्हटल्यावर समोरचा थांबतो का?

आम्ही एक वाक्य तयार केलं. ते त्यानं आधी फक्त खोलीतल्या मित्राला, दोघंच असताना सांगितलं: "तो माझ्या बाबांचा धंदा आहे रे, त्या नावानं मला हाक मारू नको." मित्र ओशाळला. बाकीच्यांना त्यानंच आवरलं. कुणी ऐकलं नाही, तर तक्रारीची वाटही मी दाखवून ठेवली होती. रूप, भाषा, जन्मगाव, आर्थिक स्थिती यांवरून छळणं हे 2016 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत रॅगिंगच ठरतं.

एकाचं अजून चालूच आहे. त्याच्या हाकेला हा ओ देत नाही.