जुन्या हस्कवार्ना 61 चेनसॉला मोठा सिलिंडर बसवून ताकद वाढवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मशीन सुरू होतं, मोकळं ठेवलं की रेस आपोआप चढते आणि लाकडात घातलं की मरतं. म्हणून मोठा सिलिंडर टाकायचाय. बसतो. 61 आणि हस्कवार्नाचीच भावंडं 268, 272 या तिघांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 34 मिमीच आहे, फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा: 48, 50 आणि 52 मिमी. म्हणजे 272चा सिलिंडर-पिस्टन चढवला की 61.5 सीसीचं मशीन 72चं होतं. पण आजारी मशीनवर हा उद्योग करणं शुद्ध वेडेपणा आहे, आणि नेमक्या याच विषयावर आमच्या दाजींशी माझं जुनं भांडण आहे.

त्यांच्याकडे हेच मॉडेल, लक्षणंही हीच. दाजींच्या मते टू-स्ट्रोकचा प्रत्येक आजार कार्ब्युरेटरमध्येच असतो. त्यातले डायफ्रॅम (पेट्रोल सोडणारे पातळ पडदे) बदलले, मग अख्खा कार्ब्युरेटर बदलला, स्क्रू पिळणं तर रोजचंच. शेवटी "भंगारात घाल" म्हणून माझ्याकडे टाकलं. मी आधी सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, इनटेकची बाजू स्वच्छ. इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय, हे तिथेच कळलं. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, आणि तेल पेट्रोलातूनच येत असल्याने वंगणही घटतं. स्क्रू पिळून यावर काय होणार?

मग एक्झॉस्ट आणि इनटेक रबर लावून बंद केले आणि हातपंपाने क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) साधारण अर्धा बार दाब भरला. काटा हलला नाही. दाजी लगेच, "बघ, सांगत होतो!" तोच पंप उलटा लावून व्हॅक्यूम ओढला, तर काटा भराभर उतरला. ऑइल सीलची (शाफ्ट बाहेर येतो तिथल्या रबरी कड्याची) ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टवर आवळली जाते आणि व्हॅक्यूममध्ये उचलली जाते, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. क्लचमागचं सील दगडासारखं कडक झालं होतं. (क्लचचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी लक्षात ठेवा.) दोन्ही बाजूंची सीलं आणि इनटेकचं रबर बदललं. सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बोळ्याने उतरवलं. त्याखालचा सिलिंडरच्या भिंतीचा कडक लेप शाबूत निघाला, म्हणून फक्त पिस्टन आणि रिंग नवीन टाकल्या. मशीन आजही चालतंय. दाजी सांगतात, त्यांनी नवा कार्ब्युरेटर टाकला होता म्हणून.

तेव्हा आधी गळती शोधा. मूळ सिलिंडर वाचत असेल तर तोच ठेवा. स्वस्तातल्या मोठ्या किटपेक्षा मला तो केव्हाही चालेल. त्या किटमध्ये पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्यांच्या) कडा अनेकदा धारदार राहिलेल्या असतात, रिंग अडकून तुटते. बसवायचंच असेल तर कडा घासून घ्या आणि प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून पिस्टन आणि सिलिंडरचं डोकं यांच्यातली फट मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. त्यानंतर कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड स्क्रू (पूर्ण वेगातलं पेट्रोल ठरवणारा) टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, लावूनच ठरवा, कानावर नको. दाजींचे कान फार तयार आहेत, पिस्टन त्यांनीच जाळला.

आणि हो, बोथट चेन लावून ताकद कमी म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सांगायचं राहिलं: लेप उडून उघडं ॲल्युमिनियम दिसत असेल तर ॲसिड लावू नका, ते सिलिंडरच खाईल. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा तर हवीच. आणि ताकद वाढवण्याआधी चेन ब्रेक पाहा. पट्टा झिजलेला असेल तर 72 सीसीचा विषय तूर्त बाजूला ठेवा.