नारळी पौर्णिमा आणि राखी पौर्णिमा एकच का? आणि समुद्रात नारळ का सोडतात?

तिथी एकच, श्रावणातली पौर्णिमा. सण मात्र वेगवेगळे, आणि दोनच नाही तर तीन-चार, ज्याच्या घरी जे चालत आलंय ते. तुम्ही लिहिलंय की नागपूरला तुमच्याकडे फक्त राखी असते आणि मुंबईत नोकरीला आल्यावर पहिल्यांदा सुट्ट्यांच्या यादीत नारळी पौर्णिमा बघितली, त्यात नवल काहीच नाही, जिथे समुद्र नाही तिथे दर्याला नारळ कोण वाहणार. कधीकधी तर दोन्ही सण एका तारखेला पण येत नाहीत. २०२५ ला पौर्णिमा ८ ऑगस्टला दुपारी लागली आणि ९ ला दुपारी संपली, त्यामुळे मुंबईत नारळी पौर्णिमेची सुट्टी ८ ला आणि राखी ९ ला झाली. तुमचा गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू झाला असेल.

माझं माहेर कोळीवाड्यातलं, वडलांची बोट होती, त्यामुळे मी नारळाबद्दलच जास्त बोलणार, राखीचं तुम्हाला माहितीच आहे.

पावसाळा लागला की आमच्याकडे बोटी वर ओढतात आणि शाकारून ठेवतात. जून-जुलैमध्ये नैऋत्येचा वारा इतका असतो की लाटांपुढे बोट टिकत नाही, आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा सीझन पण हाच. मग दोन महिने घरात येणारा पैसा बंद. पुरुष माणसं जाळी दुरुस्त करत बसतात, इंजिनाची कामं काढतात, बोटीला रंग देतात, आणि बायका सुकी मासळी विकून घर चालवतात. बोंबील, सुकट, जवळा, जे उन्हाळ्यात वाळवून ठेवलं असेल ते. उधारी पण याच काळात वाढते. श्रावणाच्या मध्यापर्यंत वारा उतरायला लागतो आणि मग पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून, आता आम्ही येतोय, सांभाळून घे, असं सांगून बोटी सोडायच्या. एवढा साधा अर्थ आहे. वरुणाची पूजा वगैरे पुस्तकात लिहिलेलं असतं ते चुकीचं नाही, पण आमच्याकडे वरुण असं कोणी म्हणत नाही, दर्याच म्हणतात, आणि त्याच्याशी घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतात.

नारळ टाकला की समुद्र शांत होतो असं कोणी सांगितलं तर ते जरा जपूनच घ्या. पौर्णिमेला उलट उधाणाची भरती असते, पाणी एरवीपेक्षा जास्त वर चढतं. आमच्या जुन्या लोकांचा हिशोब होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे पौर्णिमा पंधरावी तर सव्वाअकरा, दुपारी बाराच्या आसपास भरती पूर्ण. मिरवणूक निघते चार-पाचला, तोपर्यंत पाणी ओसरत असतं, त्यामुळे सोडलेला नारळ पाण्याबरोबर आत जातो, किनाऱ्यावर परत येऊन पायाशी लागत नाही. अर्थात आत जायच्या आधीच पोरं उड्या मारून अर्धे नारळ पकडतात, त्यावरून त्यांची पाण्यातच भांडणं होतात, आणि त्यांना कोणी ओरडत पण नाही.

मिरवणुकीत जो सोन्याचा नारळ म्हणून मिरवतात तो बहुतेक ठिकाणी सोनेरी कागद नाहीतर बेगड लावलेला असतो. नऊवारी, अंगावर असेल नसेल ते सगळं सोनं, केसांत वेणी, बँड, पालखी, हल्ली डीजे पण (मला तो अजिबात आवडत नाही, पण आमच्या भाच्यांना त्याशिवाय सण वाटत नाही). बोटींना पताका लागतात, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, आधी पूजा करतो, मग खलाशी. घरातली बाई बोटीला ओवाळते ते बघण्यासारखं असतं, कारण तेवढा वेळ सगळी गडबड थांबते.

मालवणला वेगळीच मजा. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ आधी समुद्राला देतात आणि मग गावातले लोक बंदरावर आपापले नारळ सोडतात. तिथे हा सण मच्छीमारांइतकाच व्यापाऱ्यांचा पण, कारण पूर्वी पावसाळ्यात गलबतांची ये-जा बंद असायची, मालाचा धंदा पण या दिवसानंतरच सुरू व्हायचा. शिवाय नारळ लढवायचा खेळ. एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचं, ज्याचा फुटला त्याने तो जिंकणाऱ्याला द्यायचा. कडक कवटीचा नारळ ओळखायला लोक तो कानाशी धरून, वाजवून, दहा-दहा नारळ उलटेपालटे करून घेतात, दुकानदार वैतागतो. आता बायकांच्या वेगळ्या स्पर्धा पण होतात.

खायला नारळी भात आणि नारळाच्या करंज्या. नारळी भाताची एकच गोष्ट लक्षात ठेवा, तांदूळ तुपात लवंगा टाकून परतायचा आणि आधी पूर्ण मोकळा शिजवून घ्यायचा, गूळ-खोबरं नंतर. गूळ पडला की भात पुढे शिजत नाही, कणी राहिली तर राहिली, मग कितीही वाफ द्या.

बाकीचे सण थोडक्यात. त्याच दिवशी यजुर्वेदी ब्राह्मण श्रावणी करतात, म्हणजे जानवं बदलतात, ऋग्वेदी लोक श्रवण नक्षत्र बघून करतात म्हणून त्यांचा दिवस कधीकधी वेगळा येतो. काही घरांत सुताची पोवती करून देवाला वाहतात आणि मग हातात बांधतात, म्हणून पोवती पौर्णिमा पण म्हणतात. अमरनाथ यात्रा याच दिवशी संपते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मासेमारी खरंच या दिवशी सुरू होते का. आता तसं राहिलं नाही आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पूर्वी राज्यात यांत्रिक बोटींना बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तोपर्यंत असायची, म्हणजे सरकारी नियमातच सणाचं नाव होतं. नंतर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. पण पौर्णिमा चंद्राप्रमाणे सरकत राहते. २०२३ ला अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टला, आणि बोटी १ ऑगस्टपासूनच समुद्रात. महिनाभर मासे पकडून झाल्यावर दर्याची परवानगी मागायची, हे जुन्या लोकांना काही केल्या पटत नाही. बरेच पारंपरिक मच्छीमार अजूनही नारळ वाहिल्याशिवाय बोट काढत नाहीत, पण ज्याच्यावर बँकेचं कर्ज आहे, खलाशांना ॲडव्हान्स देऊन बसलाय, आणि शेजारची बोट पापलेट घेऊन येताना दिसतेय, तो किती थांबणार? माझे वडील थांबायचे. भाऊ थांबत नाही, १ ऑगस्टला बर्फ-डिझेल भरून निघतो, घरच्या घरी एक नारळ फोडतो आणि सणाच्या दिवशी परत येऊन मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचतो. दोघांनाही मी चूक म्हणू शकत नाही. अजून एक, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वारा बऱ्याचदा पुन्हा उठतो, तेव्हा घाईने गेलेल्या बोटी रिकाम्या परत येतात आणि डिझेलचे पैसे अंगावर पडतात, त्यामुळे जुन्या लोकांचं थांबणं नुसतं श्रद्धेचं होतं असं पण नाही.

बघायला जायचं असेल तर मुंबईत वरळी, वेसावे (वर्सोवा), माहीम, खारदांडा, कुठलाही कोळीवाडा चालेल, दुपारी साडेतीनपर्यंत पोचा. फोटो काढायच्या आधी बायकांना विचारा, आणि सजवलेल्या बोटीवर चप्पल घालून चढू नका, त्यावरून दरवर्षी कोणीतरी बोलणी खातं.