मला उठता येत होतं

"पडल्यावर लगेच उठलो नाही, म्हणजे मी भित्राच ना?"

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतो. परीक्षेत आपटलेला विचारतो, धंदा बुडालेली विचारते, नोकरी गेल्यावर महिनोन्‌महिने फोनही न उचललेला विचारतो. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत पडणं हे बोलण्यापुरतं असतं. एक मुलगा मात्र खरोखर पडला होता. रिंगमध्ये, शेकडो लोकांसमोर, पाठीवर. त्याच्या परवानगीनं ही गोष्ट लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नुकताच सज्ञान झालेला. शाळेपासून बॉक्सिंग करणारा. एका महत्त्वाच्या बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, दुसऱ्या राउंडला समोरच्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, हनुवटीवर बसला आणि तो कोसळला. पडलेला दहाच्या आत उठला नाही तर हरतो. रेफरीनं दहापर्यंत मोजलं, संपलं. त्यानंतर त्यानं जिममध्ये पाऊल टाकलं नव्हतं. ग्लोव्ह्ज कपाटाच्या वर गेले होते. कोचचे मेसेज वाचायचा, उत्तर द्यायचा नाही.

घेऊन आले होते वडील. बसायच्या आधीच बोलायला लागले. "मॅडम, तुम्हीच समजवा याला. हरण्याचं मला काही वाटत नाही. पण खरा बॉक्सर पडला तरी उठतो. हा उठलाच नाही." मुलगा बाजूच्या खुर्चीत स्वतःच्या बोटांची पेरं दाबत बसला होता.

अशा वेळी मी गप्पांना सुरुवात करत नाही. आधी मेंदूचा प्रश्न मिटवते. डोकं दुखतं का, उजेडाचा त्रास होतो का, झोप कशी आहे, वाचलेलं लक्षात राहतं का, चिडचिड वाढली आहे का? हनुवटीवरच्या ठोशानं डोकं झटक्यात फिरतं आणि कवटीतला मेंदू हेलकावतो. पुढे आठवडेच्या आठवडे राहणारी मरगळ, रडू येणं, कशातच रस न वाटणं हे त्या दुखापतीचंही लक्षण असू शकतं. त्याला 'मानसिक' म्हणून समुपदेशकाकडे पाठवणं धोक्याचं आहे. बाउटनंतर जागेवरच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, पण पुढे कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून आधी मेंदूविकारतज्ज्ञ, मग मी. तिकडून सगळं ठीक असल्याचं कळल्यावर आमचं बोलणं सुरू झालं, वडिलांना बाहेर बसवून.

बराच वेळ तो बॉक्सिंगबद्दल सोडून सगळं बोलला. मग एकदा, जायला उठता उठता, दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, मला उठता येत होतं."

मी काहीच बोलले नाही. तो परत येऊन बसला.

"सगळ्यांना वाटतं मी बेशुद्ध होतो. मला आकडे ऐकू येत होते. मी उठलो नाही."

अशा वेळी 'नाही रे, तुझी काही चूक नाही' हे वाक्य जिभेवर तयारच असतं. ते गिळावं लागतं. एखाद्यानं इतके दिवस उराशी धरलेली गोष्ट बाहेर काढली आणि आपण ती लगेच खोडून काढली, तर समोरचा ती परत आत ठेवतो आणि यापुढे दाखवत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की पडल्यापासूनचा एकेक क्षण मला सांग. घाई नाही.

त्यानं डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. गालाला कॅनव्हासचा, म्हणजे रिंगच्या जमिनीवरच्या जाड कापडाचा, खरखरीतपणा. तोंडात माउथगार्ड वाकडा झालेला. रेफरीचे काळे बूट, मग त्याची बोटं, कारण रेफरी आकडा म्हणताना बोटंही डोळ्यांसमोर धरतो. "तीन... चार..."

"एक आणि दोन?"

तो थांबला. एक आणि दोन त्याला आठवतच नव्हते. व्हिडिओत होते. तो व्हिडिओ त्यानं किती वेळा पाहिला होता कोण जाणे, पण रिंगमधले ते दोन सेकंद त्याच्याकडे नव्हते.

हे महत्त्वाचं होतं. 'मला उठता येत होतं' ही त्याची खात्री निदान काही अंशी नंतर व्हिडिओ पाहून तयार झालेली होती. पडद्यावरचा मुलगा डोळे उघडे ठेवून पडलेला दिसतो, मान हलवतो, म्हणजे त्याला उठता आलं असतं, असा हिशेब. डोळे उघडे असणं आणि पाय आपले असणं यात फरक आहे, हे कुठलाही अनुभवी कोच सांगेल. पण मी हे त्या दिवशी बोलले नाही. कारण त्याचं सांगून संपलं नव्हतं.

"सातला मी बाबांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत उभे होते. ऊठ, ऊठ असे हात करत होते. आणि मला वाटलं, नाही उठायचं."

पुढचे बरेच दिवस आम्ही या एका वाक्याभोवती फिरत होतो. भीतीपेक्षा त्यात राग जास्त होता, आणि त्या रागाची त्याला भीतीपेक्षाही जास्त लाज वाटत होती.

मधल्या काळात मीही बॉक्सिंगबद्दल बरंच वाचलं. त्याच्या जगात शिरायचं तर त्याचीच भाषा हवी. आणि वाचताना जाणवलं की 'पडला की उठायचं' हे वाक्य जितक्या सहज फेकलं जातं, तितका हा खेळ स्वतः भाबडा नाही. 1743 मध्ये जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्यानं इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धाचे नियम लिहिले तेव्हा पडलेल्याला अर्धा मिनिट मिळायचं आणि त्याची माणसं त्याला धरून उभं करू शकायची. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी ते दहा सेकंदांवर आणलं आणि उठायचं ते स्वतःच्या बळावर, असं ठरवलं. पुढे अनेक ठिकाणी आणखी एक नियम आला. दोनला उठलात तरी रेफरी आठपर्यंत मोजणारच, आणि मगच लढत सुरू होणार. म्हणजे ताडकन उठणाऱ्यालाही खेळ सक्तीनं थांबवतो. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

त्याला मी दोन लढती बघायला सांगितल्या. पहिली, 22 सप्टेंबर 1927, शिकागो. सातव्या राउंडमध्ये जॅक डेम्प्सीनं जीन टनीला लोळवलं. नियमाप्रमाणे डेम्प्सीनं न्यूट्रल कॉर्नरला, म्हणजे दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या कोपऱ्यात, जायला हवं होतं, तो तिथेच घुटमळला, आणि तो जाईपर्यंत रेफरीनं मोजणी सुरू केली नाही. टनी त्यामुळे चौदाएक सेकंद खाली होता. यावरून आजही वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. टनी दोरी धरून, डोळे रेफरीवर लावून बसून राहिला आणि नऊला उठला, मला त्यात रस आहे. उठल्यावरही तो भिडला नाही, मागे मागे सरकत राहिला. पुढच्या राउंडला त्यानं डेम्प्सीला पाडलं आणि लढत गुणांवर जिंकली.

दुसरी, 3 नोव्हेंबर 2001, लास वेगास. कोस्त्या झ्यूच्या ठोशानं झॅब ज्यूडा दुसऱ्या राउंडमध्ये पडला आणि क्षणात उसळून उभा राहिला. पाय मात्र त्याचे नव्हते. दोन-तीन वेड्यावाकड्या पावलांत तो पुन्हा कोसळला आणि रेफरीनं लढत थांबवली.

मुलगा दोन्ही बघून आला. म्हणाला, "ज्यूडासारखं मी केलं असतं तर बाबा खूश झाले असते." मग थोड्या वेळानं, "आणि कोचनी शिव्या दिल्या असत्या." त्याचे कोच नेहमी सांगायचे की पडलास तर आधी एका गुडघ्यावर ये, श्वास घे, आठ ऐक, मग उभा राहा. हे त्याला माहीत होतं. पण घरातली शिकवण वेगळी होती, आणि त्या रात्री रिंगमध्ये दोन्ही शिकवणी एकदम कानात ओरडत होत्या.

लाजेबद्दल बोलायला मला अमेरिकन हेवीवेट बॉक्सर फ्लॉइड पॅटरसन उपयोगी पडला. 1959 मध्ये इंगेमार योहान्सनविरुद्ध तिसऱ्या राउंडमध्ये तो सात वेळा पडला आणि जगज्जेतेपद गेलं. सात वेळा! वर्षभरानं, 20 जून 1960 ला, त्यानं योहान्सनला पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट करून ते परत मिळवलं. हेवीवेट जगज्जेतेपद गमावून परत जिंकणारा तो पहिला. भाषणांत गोष्ट इथे संपवतात. मी पुढची सांगते. 1962 मध्ये शिकागोत सनी लिस्टननं त्याला पहिल्याच राउंडमध्ये हरवलं, तेव्हा पॅटरसन नकली दाढी लावून बाहेर पडला, लोकांनी ओळखू नये म्हणून. आणि ती दाढी त्यानं लढतीला येतानाच सोबत आणली होती.

"आधीच?" मुलगा हसला. आमच्या खोलीत तो पहिल्यांदा हसत होता.

"तुझी दाढी कुठली?" मी विचारलं. त्यानं थोडा विचार केला. जिमच्या रस्त्यानं जायला लागू नये म्हणून तो रोज लांबून फिरून जायचा. मित्रांना गुडघा दुखतोय असं सांगितलं होतं. इंस्टाग्राम बंद. अशी यादी स्वतःच्या तोंडून बाहेर आली की माणसाला कळतं, आपली बहुतेक शक्ती कशात चालली आहे. पडण्याचं दुःख काही दिवसांत ओसरलं होतं. लपण्याचं काम रोजचं होतं.

वडिलांना मी वेगळं भेटले. वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पहाटे उठून त्याला सोडायला जाणारे, त्याच्या डाएटचे तक्ते लिहून ठेवणारे बाप. त्यांचं एकच पालुपद होतं, जिगर पाहिजे. मी त्यांना दुक कू किमबद्दल सांगितलं. दक्षिण कोरियाचा हा बॉक्सर नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये पडला. दोरी धरून तो उभा राहिला. जिगर म्हणाल तर याहून जास्त काय असते? रेफरीनं लढत थांबवली, थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेनं जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या.

ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. "म्हणजे त्यानं उठायला नको होतं, असं म्हणता?"

"असं मी म्हणत नाही. उठायचं की नाही हे पहिल्या रांगेतून ठरवता येत नाही, एवढंच म्हणतेय. 1975 मध्ये मनिलात जो फ्रेझर शेवटच्या राउंडसाठी उठायला तयार होता. त्याचे कोच एडी फच यांनी त्याला खुर्चीतच बसवून ठेवलं. समोर मुहम्मद अली होता. पराभव झाला, पण फ्रेझर घरी गेला."

पुढच्या भेटीला बाप-लेक एकत्र बसले. मुलानं सातव्या आकड्याची गोष्ट वडिलांना सांगितली. मी सुचवलं नव्हतं, फक्त अडवलं नाही. वडील आधी रागावले, मग गप्प झाले, मग अगदी वेगळंच बोलले. पहिल्या रांगेत ते हात हलवत होते ते त्यांना स्वतःला आठवतच नव्हतं. मुलाचे डोळे फिरलेले दिसले तेव्हा, ते म्हणाले, पोटात खड्डा पडला आणि तोंडातून जे निघालं ते 'ऊठ'. तो हुकूम नव्हता, घाबरलेल्या बापाचा आवाज होता. मुलाला हे पटलं की नाही, त्या दिवशी सांगता आलं नसतं. पण त्यानं वडिलांना पाण्याचा ग्लास सरकवला.

यानंतरचं काम बरंच कोचनी केलं. मला सुचलं नसतं असं काहीतरी त्यांनी केलं. जिम रिकामं असताना मुलाला कॅनव्हासवर झोपवलं आणि स्वतः मोजायला उभे राहिले. ठोसा नाही, ग्लोव्ह्ज नाहीत. कुशीवर वळणं, तळवा टेकणं, गुडघा, श्वास, आठ, उभं राहणं. पहिल्या खेपेला तो 'तीन' ऐकून थरथरला आणि उठून बाहेर गेला. मग परत आला. ज्या गोष्टीची धास्ती आहे ती सुरक्षित जागी, छोट्या घासांत परत परत अनुभवायला देणं ही आमच्या शास्त्रातली जुनी पद्धत आहे. फक्त घास कुणी कुणाला कोंबायचा नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा सुरुवातीचा प्रश्न आहे, त्यांना मी हेच विचारते. तुमची मोजणी कितीवर आहे आणि ती मोजतंय कोण? रिंगमध्ये दहा सेकंद ठरलेले असतात. नापास झालेल्याला, नातं तुटलेल्याला घरचे, शेजारचे, स्वतःचं मन वाटेल तितक्या भरभर मोजतात आणि पाचलाच 'संपला' म्हणून जाहीर करतात. थोडा काळ गुडघ्यावर राहायला हरकत नाही. मात्र झोप, भूक, रोजची कामं आठवडेच्या आठवडे कोलमडली असतील, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो काळ एकट्यानं काढू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, आजच कुणालातरी सांगा.

मुलगा सध्या स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, करतो, हेडगार्ड घालून, ओळखीच्या जोडीदाराबरोबर. स्पर्धेत उतरायचं की नाही हे त्यानं ठरवलेलं नाही. वडिलांनी परवा फोन करून विचारलं, पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरायची तारीख जवळ आलीय, भरू का? मी म्हटलं, त्यालाच विचारा. ते म्हणाले, विचारलं, तो म्हणाला कळवतो.

"मग थांबा," मी म्हटलं.

"थांबतोय," ते म्हणाले. "पण मॅडम, फार अवघड आहे हो."