खड्डा खणू देऊ नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि आधी रागच आला. तुझा नाही. कंपनीने म्हणायचं, ‘पाच जूनच्या पर्यावरण दिनाच्या आत गायरानाच्या माळावर हजार रोपं लावू, खर्च आमचा, फलकही आमचा.’ सरपंचांनी लगेच मान डोलवायची. आणि मनात काहीतरी खटकतंय म्हणून तू मला विचारायचं, ‘बाई, मी उगाच खोडा घालतेय का?’ उगाच नाही. खड्डा खणू देऊ नकोस. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढं एकच वाक्य घेऊन ग्रामसभेत जा.

हे खड्डे कधी खणतात ते बघ. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पाऊस येईपर्यंत माती तापून निघते. नेमक्या त्याच दिवसांत माळावर जमिनीवरचे संसार मांडलेले असतात. टिटवीची अंडी तू पाहिली असशील. घरटं असं काही नसतंच. चार खड्यांमधली उथळ जागा, त्यात मातकट रंगाची, काळ्या डागांची अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. दोन पावलांवर उभं राहूनही नजरेला सापडत नाहीत. जेसीबीवाल्याला कुठून सापडणार? त्याच रणरणत्या उन्हात सरड्याचा नर धोंड्यावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करत असतो. चंडोल, धाविक, या सगळ्या पक्ष्यांची अंडी मातीवरच. हजार खड्डे म्हणजे या सगळ्यावरून हजार वेळा फिरलेलं फावडं. वर पाच जूनला केक कापायचा.

‘पण बाई, तिथे काहीच नाही, पडीकच आहे’ हे तू लिहिलंस, ते मात्र मला लागलं. तू लिहावंस? इंग्रजांच्या महसुलाला ज्या जमिनीतून सारा येत नव्हता ती पडीक ठरली, आणि सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत कुरणं आणि झुडपी माळ अजूनही त्याच खात्यात मोडतात. नांदत्या घरावर ‘जागा रिकामी आहे’ अशी पाटी लावावी तसं. हिवाळ्यात आपल्या माळावर भोवत्या ससाणे उतरतात ना, ते मध्य आशियातून येतात, टोळ-नाकतोडे खातात आणि रात्री थव्याने गवतातच जमिनीवर बसतात. झाडावर नाही. त्यांना झाड नकोच असतं. झाड हवं असतं कावळ्याला, वर बसून खालची अंडी हेरायला.

सरपंच म्हणतील, पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, तुटून माळ झाला. हे ऐकून ऐकून माझे कान किटले. तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, आख्यानं आणि लोकगीतं अभ्यासकांनी चाळून पाहिली, कोणत्या झाडांची नावं येतात म्हणून. बहुतेक बाभळी-हिवरासारखी, उघड्या माळावरचीच निघाली. घनदाट रानातली अगदी मोजकी. पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ निदान ७५० वर्षांचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. अवर्षणाचा मुलूख, मुरमावर वीतभर माती, इथे गवतच शहाणं. आणि ‘ऑक्सिजन’ हा शब्द मला पुन्हा लिहून पाठवू नकोस. गवत आपला बराचसा कार्बन मुळांतून जमिनीखाली साठवतं. वणवा लागला तरी तो तिथेच राहतो.

शेजारच्या गावचा माळ माझ्या डोळ्यांदेखत गेला. गिरीपुष्प लावलं तिथे. मध्य अमेरिकेतलं झाड, आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, यावरून काय ते समज. बांधावर हिरवळीच्या खताला उत्तम, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माळावर त्याची सावली पडली की पवन्या, मारवेल ही गवतं गेली, मेंढपाळांनी वाट बदलली. खोकडाचं एक जुनं बीळ होतं, पाच-सहा तोंडांचं, त्याच्या मधोमध चर गेला. मी तेव्हा ग्रामसभेत बोलले. जोरात बोलले. तेव्हापासून तिथे मी ‘झाडांची वैरीण’. गोड बोलला असता तर ऐकलं असतं, असं आमच्या शाळेतल्या लोकांनी नंतर सांगितलं. असेलही. पण गोड बोलणारेही तिथे होते, चहा पिऊन उठले, आणि खड्डे ठरल्या दिवशीच खणले गेले. तेव्हा माझ्या आवाजाबद्दल मला कुणी शिकवू नये. वर्षानुवर्षं वर्गात बोलून तो तसाच झालाय.

असो. तुला भांडायला लावून मी मोकळी होणार नाही. ‘मग करायचं काय, नुसतं बसायचं?’ असं तू विचारलंस. बसायला कोण सांगतंय? खड्डा खणायचा नाही एवढंच म्हणतेय, बाकी कामाला तोटा नाही.

पहिलं म्हणजे धनगरांना सोबत घे. चराईबंदीचा फलक लावलास तर माझी तुझी कट्टी. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि बिचारा पक्षी लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. शेवटी क्षेत्र १,२२२ वर आणावं लागलं. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. माणसं विरोधात गेली तर त्या अंड्याकडे बघणार कोण? म्हणून तुमच्याकडे पाळी लावा. पावसाळ्यात अर्धा माळ मेंढरांना, अर्धा गवताचं बी धरेपर्यंत राखलेला. पुढच्या वर्षी अदलाबदल. बी झडल्यावरच कापणी. त्याआधी कुणी विळा लावला तर माझं नाव सांग.

वेडी बाभूळ काढायची तर खोडातून तोडून उपयोग नाही, दुप्पट जोमाने फुटते. बुडख्यासकट काढावी लागते. त्यासाठी खणलंत तर माझी हरकत नाही. तेवढी एकच सूट. वणवा अडवायला फेब्रुवारीआधी जाळरेषा काढा. आणि गावाच्या उकिरड्याचा बंदोबस्त करा. त्यावर पोसलेली कुत्री रात्री माळावर जातात, सशा-चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, लांडग्या-खोकडांना रोग देतात. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकरही नोंदला गेलाय. कंपनीला खर्चच करायचा असेल तर यावर करू दे. उकिरड्यावर फलक लावायला मात्र कुणी पुढे येत नाही.

रोपं परत पाठवू नकोस. वड, करंज, कडुलिंब ओढ्याच्या काठाने, शाळेभोवती, रस्त्याकडेला लाव. तिथे सावली हवीच आहे. सरपंचांनाही फोटो मिळेल. त्यांना शत्रू करू नकोस, हे मी सांगतेय म्हणजे बघ.

आणि कागद विसरू नकोस. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, २००२ च्या कायद्याने. तिची नोंदवही कपाटातून बाहेर काढायला लाव आणि त्यात हा माळ, त्यावरची गवतं, पक्षी, मेंढ्यांच्या वाटा लिहून घे. गवतांची नावं म्हाताऱ्या मेंढपाळांना विचार, मोबाइलला नको. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिरसुफळकडे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे. एकदा सरपंचांना घेऊन जा. लोक पैसे मोजून माळ बघायला येतात हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे, माझ्या व्याख्यानापेक्षा ते बरं.

ठरावाचा मसुदा सोबत पाठवतेय. ‘गायरानाच्या माळावर खोदकाम व वृक्षलागवड करू नये’ हे वाक्य कुणी कितीही गोड बोललं तरी बदलू द्यायचं नाही. ‘शक्यतो’ हा शब्द तर मुळीच घुसू देऊ नकोस. ग्रामसभेत तूच वाच. मी वाचला की लोक माळ सोडून माझ्याशीच भांडायला लागतात.

तुझ्या,
बाई