चौथीपर्यंत पहिला येणारा मुलगा पाचवीत मागे का पडतो?

दिवाळीची सुट्टी संपून पहिल्या सत्राचे निकाल हातात पडले, की अमळनेर-पारोळ्याकडच्या आया माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न घेऊन येतात. चौथीपर्यंत पोरगं पहिलं यायचं, गुरुजी तोंड भरून कौतुक करायचे. पाचवीला हायस्कुलात घातलं आणि सहा महिन्यांत असं काय झालं? हुशारी गेली कुठे? काही जणी हळूच विचारतात, नजर तर नसेल ना लागली. वडिलांचं निदान बहुतेक घरूनच होऊन आलेलं असतं: मोबाइल.

त्यातलीच ही एक हकीकत. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात भैय्या म्हणतात. खानदेशात दर दुसऱ्या घरात एक भैय्या असतो, तेव्हा ते नाव तसंच ठेवायला हरकत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. भैय्याची आई अर्धा रोज बुडवून आली होती, सोबत नवरा आणि मुलगा. पिशवीतून तिने दोन प्रगतिपुस्तकं काढून माझ्यापुढे ठेवली. चौथीच्या पुस्तकात जवळपास सगळीकडे अ-1. पाचवीच्या पुस्तकात गणिताला क-1, हिंदी आणि परिसर अभ्यासाला ब-2. "मना पोऱ्या हुशार व्हता, ताई," एवढंच ती म्हणाली. वडील म्हणाले, "एसटीचा पास काढून दिला, ट्यूशन लावली. आता अजून काय करू?" भैय्या खुर्चीच्या अगदी कडेला बसून पायातल्या चपलेशी खेळत होता.

मी वह्या मागितल्या. मुलाला काय जमतंय आणि काय नाही, हे प्रगतिपुस्तकापेक्षा वह्यांत नीट दिसतं, असा माझा अनुभव आहे. परिसर अभ्यासाच्या वहीत प्रश्न पूर्ण होते, पण उत्तरांच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पानामागून पान गायब. हिंदीच्या वहीत वाक्यं मध्येच तुटलेली. गणिताची वर्गातली वही निम्म्यावर थांबायची, कधी भागाकाराच्या मधोमध. गृहपाठाची वही मात्र देखणी: प्रत्येक पायरी जागेवर, उत्तराखाली दोन रेघा. दहा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या वहीत एकही खाडाखोड नसेल, तर मला कौतुकाच्या आधी शंका येते.

आईवडिलांना बाहेर चहाला पाठवलं आणि भैय्याशी बोलत बसले. मराठीत विचारलं तेव्हा "हो मॅडम", "नाही मॅडम" यापलीकडे गाडी जाईना. मी अहिराणीत शिरले तसा तो मोकळा झाला. गावातून सकाळची एसटी वेळेवर आली तर प्रार्थना मिळते. नाही तर तो वर्गात पोचतो तेव्हा पहिला तास सुरू झालेला असतो, पुढचे बाक भरलेले असतात आणि तो मागे दाराजवळ बसतो. मागून फळा दिसतो, पण उतरवून होईपर्यंत सर पुसतात. पुढच्या तासाला दुसरे सर. तासाला न समजलेल्याचं काय करतोस, असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे काय विचारणं झालं! "कोनले इचारू? घंटी वाजनी का सर निंघी जातस."

माझ्या मते सगळी अडचण त्या उत्तरात होती.

आपल्याकडे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असते आणि पाचवीला मूल तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या हायस्कुलात जातं. शिक्षण हक्क कायद्याने 2010 पासून पहिली ते पाचवी हा प्राथमिक टप्पा धरलाय. तरी जुन्या रचनेमुळे कितीतरी पाचवीचे वर्ग अजून हायस्कुलांनाच जोडलेले आहेत. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हा बदल फार मोठा असतो. चौथीत भैय्याच्या वर्गात पंधरा-सोळा मुलं होती आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गुरुजी. भैय्याने पेन्सिल खाली ठेवली की गुरुजींना कळायचं, हा अडला. ते स्वतः उठून जवळ यायचे, अहिराणीत समजावायचे. चार वर्षांत भैय्याला कधी हात वर करावाच लागला नाही. आता वर्गात मुलं साठीच्या घरात, तास पस्तीस मिनिटांचा, दिवसाला सहा-सात वेगवेगळे शिक्षक. यातल्या एकाही शिक्षकाला हा मुलगा सलग दिवसभर दिसत नाही. अडल्याचं त्यानेच सांगायला हवं, आणि ते कसं सांगायचं हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नाही.

यात शिक्षकांचा दोष किती, यावर गावात फार बोललं जातं. मला त्यात रस नाही. साठ वह्या तपासणारा माणूस पस्तीस मिनिटांत किती जणांच्या चेहऱ्याकडे बघणार?

अभ्यासही त्याच वर्षी कूस बदलतो. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचा इतिहास असतो. अफजलखान, आग्रा, सिंहगड हे सगळं पोरांना घरी, जत्रेत, गणपतीच्या आराशीत आधीच भेटलेलं असतं. पाचवीला तोच विषय काळाची विभागणी, उत्क्रांती, अश्मयुग यांकडे वळतो. इथे घरून आणलेली शिदोरी उपयोगी पडत नाही, नुसतं वाचूनच समजून घ्यावं लागतं. मराठी माध्यमाच्या मुलांना हिंदी हा नवा विषय येतो. गणिताचं पुस्तक रोमन संख्याचिन्हांनी हसतखेळत सुरू होतं आणि थोड्याच प्रकरणांनी सममूल्य अपूर्णांकांत नेऊन सोडतं. आणि पालकांना सहसा कुणी न सांगितलेली एक गोष्ट: सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिक 60 आणि संकलित 40 असं वजन असतं, पाचवी-सहावीला ते निम्मं-निम्मं होतं. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प येतात, संकलित म्हणजे मुख्यतः सत्राच्या शेवटची परीक्षा. बोलून, करून दाखवून श्रेणी मिळवणाऱ्या मुलाची तेवढी बाजू कमी झाली. अ-1 आणि क-1 शेजारी ठेवून पाहताना दोन्ही वर्षांचं माप एकच नव्हतं, हे भैय्याच्या वडिलांना मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मान हलवली.

भैय्याला खरंच येतं किती, हे पाहणं भाग होतं. परिसर अभ्यासाचं एक पान मोठ्याने वाचायला दिलं. वाचन स्वच्छ. न पाहता सांग म्हटल्यावर अहिराणी-मराठी मिसळून त्याने निम्म्याहून जास्त बरोबर सांगितलं. मग कागदावर लिहिलं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एक चतुर्थांश, कारण चार मोठे. पाचवीत ही चूक इतकी सर्रास होते की तिची काळजी करू नये. मी म्हटलं, "एकच शेत आहे. तीन भावांत वाटलं तर एकाच्या वाट्याला जास्त येईल, की चार भावांत?" तो लगेच म्हणाला, "तीन भावांत. आमचे बाबा आणि काका मिळून चार आहेत, म्हणून तर कमी आलं." आणि स्वतःच कागद ओढून घेतला, आधीचं उत्तर खोडलं. त्या दिवशीची ती पहिली खाडाखोड.

सगळ्याच मुलांचं असं नसतं. अडचण पहिली-दुसरीपासूनची असेल, वाचताना अक्षरं गळत किंवा उलटसुलट होत असतील, तोंडी उत्तर चोख पण लिहिताना कायम गोंधळ असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि तिच्यासाठी सवलती मिळतात. फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटत असतील तर डोळे आधी तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासतं, त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर ग्रामीण रुग्णालय गाठावं. भैय्याचे डोळे ठीक निघाले. आणि मूल शाळेचं नाव काढताच पोट दुखतं म्हणत असेल किंवा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर अभ्यास राहू द्या बाजूला, आधी वर्गात त्याला कुणी त्रास देतंय का ते पाहा.

गृहपाठाच्या देखण्या वहीचं कोडं भैय्यानेच सोडवलं. ट्यूशनचे सर शाळेचा गृहपाठ फळ्यावर सोडवून देतात, मुलं उतरवून घेतात. तिथे फळा पुसायची घाई नसते. म्हणजे दिवसा जे अडलं ते संध्याकाळी कुणीतरी झाकून टाकायचं, आणि शाळेतल्या सरांना दुसऱ्या दिवशी अख्खी बरोबर वही दिसायची. या मुलाला काय येत नाही, हे त्यांना कळणार कुठून?

आईची खरी घालमेल वेगळी होती. ती सातवी शिकलेली. "माले तं ते गनित येस नही, मी काय शिकाडू?" तिला मी एकच काम दिलं, आणि त्यात शिकवणं मुळीच नव्हतं. रात्री जेवणं झाली की भैय्याने वर्गातली वही आईपुढे उघडायची आणि जिथे समजेनासं झालं त्या ओळीसमोर समासात पेन्सिलने ठिपका द्यायचा. आईने विचारायचं, "इथपर्यंत काय केलंस ते सांग." बस. उत्तर बरोबर की चूक, हे तिने ठरवायचं नाही. "काहीच समजलं नाही" असं म्हणणारं मूल शिक्षकाच्या कामाचं नसतं. "भाजक इथपर्यंत घेतला, हा शून्य कुठून आला?" असं विचारणाऱ्याला शिक्षक दारातून निघतानाही सांगून जातात. त्या दोन वाक्यांमधलं अंतर रोज रात्री थोडं थोडं कापायचं होतं.

ठिपके सुरू झाले. पहिल्या दिवसांत प्रत्येक ओळीला ठिपका, नंतर चिडून एकही नाही. आई चिकाटीची होती. वेचणीहून आल्यावर पाठ टेकायची तेव्हाही आडवी पडून "सांग" म्हणायची.

शाळेत मी वर्गशिक्षकांना भेटले. ते मोकळेपणाने म्हणाले, "मॅडम, हा मुलगा मला त्रास देत नाही, म्हणून माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नाही." वर्गात शांत बसणाऱ्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत हेच घडतं, पण इतकं सरळ कुणी बोलत नाही. एसटीने येणाऱ्या मुलांसाठी दुसऱ्या रांगेतले दोन बाक मोकळे ठेवायचं त्यांनी ठरवलं. या साध्या गोष्टीचा उपयोग माझ्या बाकीच्या खटाटोपापेक्षा जास्त झाला असावा. गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत ठिपके पाहायचं कबूल केलं. हिंदीच्या तासाला मात्र त्याने विचारलं तेव्हा "लक्ष कुठे होतं?" असं ऐकावं लागलं. पुढे कितीतरी दिवस त्याने हिंदीत हात वर केला नाही. मी त्याला सांगितलं, सगळेच सांगतील असं नाही. ज्यांना विचारता येतं त्यांना विचार, आणि हिंदीचं गणिताच्या सरांना विचारलंस तरी चालेल. तो हसला. त्याने खरंच विचारलं म्हणे.

दुसऱ्या सत्रात गणिताला ब-1 आला. परिसर अभ्यास थोडा वर सरकला, हिंदी होती तिथेच. वडिलांच्या मनात वेगळी धास्ती होती. पाचवीत आता नापास करतात, असं त्यांनी ऐकलं होतं. ते खरं आहे. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. मूल उत्तीर्ण झालं नाही तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा होते आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पण भैय्या त्या काठावर कधीच नव्हता, आणि हे मी त्यांना आकडे मांडून दाखवलं.

तरी जाताना त्यांनी विचारलंच, "पुन्हा पहिला येईल का?"

मी म्हटलं, "भाऊ, त्या वर्गात आजूबाजूच्या दहा-बारा गावांची पोरं आहेत. प्रत्येक गावच्या शाळेत कुणीतरी पहिला होताच. ते सगळे आता एकाच खोलीत बसलेत." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे नव्हतं आलं ध्यानात."

ट्यूशन त्यांनी बंद केली नाही. पैसे वर्षाचे भरलेले होते आणि संध्याकाळी घरी कुणी नसतं, ही त्यांची अडचण मलाही पटली. फक्त ट्यूशनच्या सरांना निरोप गेला, की भैय्याला गृहपाठ फळ्यावरून उतरवू देऊ नका, त्याचं त्याला करू द्या, चुकला तरी. सर आधी जरा नाराज झाले. गृहपाठाची वही आता पूर्वीसारखी देखणी राहिलेली नाही.