गाडीच्या खालून पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो, गॅरेजमध्ये नेली की मात्र येत नाही. शोधायचा कसा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी आठ वर्षांची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक. सकाळी सुरू केली की आणि सुरुवातीच्या सिग्नलला उभी असताना खालून झर्रर्र असा पत्र्याचा आवाज, थोडा ॲक्सिलरेटर दिला की बंद. वर्कशॉपवाल्यांना आवाज ऐकूच आला नाही, तरी 'सस्पेन्शनचं काम निघेल' म्हणत त्यांनी खर्चाचा आकडा हातात ठेवला.

तो आकडा आधी खिशात घालून ठेवा. उभ्या गाडीत सस्पेन्शन हलतच नाही, मग ते वाजेल कसं? जो आवाज गाडी जागेवर असताना येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, तो इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, त्यांना धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचा किंवा सायलेन्सरच्या लाइनचा. तुमच्या वर्णनावरून मी पैज सायलेन्सरवरच्या हीट शील्डवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पातळ पत्र्यावर, लावीन. पण पैजेवर पैसे खर्च करू नका, आधी खात्री करून घ्या. त्याला फारसं काही लागत नाही.

आवाज कुठून येतो हे आत बसून ठरवायला जाऊ नका. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. मागच्या सीटखाली काही थरथरलं तरी ते फ्लोअरच्या पत्र्यातून तुमच्या पायाखाली पोचतं आणि तुम्ही पुढचं चाक उघडून बसता. कान फसतात. त्यापेक्षा आवाज कधी येतो आणि कशाने थांबतो, हे नीट टिपा. तिथे फसायला जागा कमी असते.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला ठेवा आणि फेऱ्या अगदी सावकाश तीन हजारांपर्यंत न्या. एखाद्या ठरावीक फेरीलाच आवाज येत असेल आणि त्याच्या खालीवर शांत होत असेल, तर कुठला तरी पातळ पत्रा त्या कंपनांशी जुळतोय. हिशोब सोपा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला ९०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५, म्हणजेच ३० ठोके. १,८०० फेऱ्यांना ते ६० होतात. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर दर फेरीला दीडच. सैल पत्र्याची स्वतःची एक आवडती कंपनसंख्या असते. ठोके तिच्याशी जुळले की तो वाजतो, पुढे गेले की गप्प बसतो. तुमचा आवाज ॲक्सिलरेटर दिल्यावर थांबतो तो बहुधा यामुळेच. एसी चालू-बंद करूनही बघा. कॉम्प्रेसरचा भार आला की आयडलिंगच्या फेऱ्या बदलतात आणि आवाजही बदलतो. हीच परीक्षा एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर घ्या.

मग क्लच. गाडी न्यूट्रलला असताना क्लच पूर्ण दाबला आणि आवाज गेला, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर. क्लचने काहीच फरक पडला नाही तर दोन्ही सोडून द्या, गिअरबॉक्स उघडायची भाषा कुणी केली तरी. आणखी एक शक्यता म्हणजे टायमिंग चेन. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड करून, ऑइलचा दाब आला की गप्प होत असेल तर ती चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. तो आवाज सिग्नलला परत येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत मी तो मागे ठेवतो.

आता हीट शील्ड. सायलेन्सरच्या पाइपवर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरभोवती पातळ पत्र्याची कवचं असतात. कन्व्हर्टर काम करतो तेच काहीशे अंश सेल्सिअसला, त्यामुळे ती उष्णता फ्लोअर, कार्पेट आणि इंधनाच्या नळ्यांपासून लांब ठेवावी लागते. पत्रा जाड नसतो, बोल्ट लहान असतात. पावसाळ्यात चिखल बसतो, बोल्टभोवती गंज धरतो, भोक हळूहळू मोठं होतं आणि बोल्टचं डोकं त्यातून निसटतं. बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या सोसायट्यांत शिरलं, तिथल्या गाड्यांना हे फार लवकर होऊ शकतं. तुमची गाडी त्या पाण्यात उभी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर संशय आणखी पक्का.

गॅरेजमध्ये आवाज का येत नाही, याचंही उत्तर यातच आहे. पोलादाचा एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की चार-पाच मिलिमीटर लांबतो. तेवढ्यात सैल पत्रा कुठेतरी टेकतो आणि आवाज बंद. तुम्ही गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेता तोवर पाइप तापलेला असतो. मेकॅनिक खोटं बोलत नसतो, त्याच्यासमोर गाडी खरंच वाजत नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच सोडा आणि सकाळी त्याच्यासमोर सुरू करायला लावा. निदान मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, त्यात फेऱ्यांचा काटाही दिसू द्या. (गाडी बंद केल्यावर खालून टिकटिक येते ती पाइप थंड होऊन आकसण्याची. त्याचं काही करायचं नसतं.)

माझ्या गाडीच्या वेळी मोठ्या वर्कशॉपने सस्पेन्शनचे दोन्ही लिंक रॉड बदलून दिले, बिल दिलं, आणि झर्रर्र तसंच राहिलं. बडोद्यातच प्रतापनगरच्या बाजूला एक वयस्कर गुजराती मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. थंड गाडीच्या सायलेन्सरवर पुढून मागे रबरी हातोडीने टकटक करत गेले, मध्यावर पत्रा झणझणला, आणि म्हणाले, "पतरू छे, बीजुं कंई नथी." (पत्रा आहे, दुसरं काही नाही.) काम झालं स्टीलच्या एका मोठ्या होज क्लॅम्पवर, म्हणजे पाइपभोवती आवळायच्या पट्टीवर.

ही हातोडीची परीक्षा तुम्हीही करू शकता, पण दोन गोष्टी अजिबात विसरू नका. पाइप पूर्ण थंड हवा, म्हणजे रात्रभर उभी गाडी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, 'फक्त एक मिनिट' म्हणूनही नाही. त्यापेक्षा रॅम्प असलेल्या वॉशिंग सेंटरला जा. अंडरबॉडी धुऊन घ्या आणि गाडी वर आहे तोवर मालकाला विचारून खाली उभं राहून बघा. चिखल निघाल्यावर पत्रा घासून चकचकीत झालेली जागा डोळ्यांना दिसते. वाजणारी वस्तू अशी खूण सोडून जातेच. त्याच वेळी सायलेन्सरची हँगर रबरं हलवून बघा. एखादं तुटलं असेल तर पाइप फ्लोअरला किंवा मागच्या ॲक्सलला लागतो. इनोव्हासारख्या गाडीत स्टेपनी खाली टांगलेली असते, तिथे तीही हलवून बघावी. तुमच्याकडे सीएनजी आहे, म्हणून डिकीतल्या सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्टही तपासायला सांगा. ते मात्र सीएनजी किटच्या माणसाकडूनच.

कन्व्हर्टरवर टकटक केल्यावर पत्र्याची झणझण न येता आतून डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखं ऐकू आलं, तर गोष्ट वेगळी. आतली सिरॅमिकची जाळी फुटलीय. तुकडे पुढे जाऊन वाट अडवतात, गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून नवा महाग पडतो. तिथे मात्र दुसरं मत जरूर घ्या.

गाडी चालू असताना वेगळं काही वाजतंय का, यासाठी रात्री रहदारी कमी झाल्यावर बडोद्यातल्या गेंडा सर्कल ते मनीषा चोकडीच्या अटल ब्रिजवर काचा खाली करून एक चक्कर मारा. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवरून आवाज परत येतो आणि डावं-उजवं कळतं. पुलाच्या सांध्यांवर पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या क्षणी आपटतं, त्यामुळे खडखड आवाज पुढच्या धक्क्याला येतो की मागच्या, तेही समजतं. पुढच्या धक्क्याला असेल तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट. सस्पेन्शनची चर्चा करायची ती इथे. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. पुलावर थांबू मात्र नका.

आणि दोन आवाज असे आहेत की त्यांच्यासाठी गॅरेजची वेळ ठरवत बसायचं नाही. हळू वेगात चाकातून ठकठक येत असेल, विशेषतः टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर, तर बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. बहुतेक हॅचबॅकना ते सुमारे ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळलेले असावे लागतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. दुसरा, ब्रेकची किंचाळी. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की बऱ्याच पॅडवरची पोलादी पट्टी मुद्दाम डिस्कला घासते. पुढे घर्र असं लोखंडावर लोखंड ऐकू आलं तर पॅड संपलाय, गाडी चालवू नका. पावसाळ्यानंतर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकूनही भयंकर किंचाळी येते, पण ती बऱ्याचदा थोडं रिव्हर्स घेतल्यावर खडी पडून जाते.

हीट शील्डच निघाली तर ती काढून टाकू नका. 'काढून टाका, काही होत नाही' असं सांगणारे भेटतील. तुमच्या सीएनजीची नळीही खालूनच जाते आणि वाळक्या गवतावर तापलेली गाडी उभी केली तर आग लागू शकते. भोक मोठं झालं असेल तर रुंद वॉशर घालून बोल्ट, नाहीतर पाइपभोवती स्टेनलेसचा होज क्लॅम्प. केबल टाय वितळेल. वेल्डिंगला नाही म्हणा, त्या नळ्यांजवळ ठिणग्या नकोत. क्लॅम्प लावल्यावर सकाळची थंड परीक्षा पुन्हा घ्या. तेव्हाही त्याच फेरीला वाजली, तर मेकॅनिकला इंजिनाची आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघायला सांगा. ती बसली की इंजिन खाली झुकतं आणि पाइप क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या दांड्याला, लागतो.